वारुळात मुकादम नसतो

सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघाले, की काळी राने मागे पडून मुरमाड माळ सुरू होतो आणि शेतांच्या बांधांवर तांबूस-करड्या मातीची वारुळे दिसू लागतात. बांधावर नांगर फिरत नाही, म्हणून ती तिथे वर्षानुवर्षे टिकतात. नागपंचमीला घरातल्या बायका लाह्या आणि दूध घेऊन त्यांच्यापाशी जातात, त्यामुळे वारूळ म्हणजे नागाचे घर अशी आपली समजूत लहानपणीच पक्की होते. जरा मोठे झाल्यावर कोणीतरी सांगते, की ते मुंग्यांचे असते. खरे पाहता ते बांधलेले असते वाळवीने. मुंग्या त्यात घुसखोरी करतात, आणि ओस पडलेल्या किंवा फुटलेल्या वारुळाच्या पोकळीत साप, सरडे, विंचू आसरा घेतात. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण त्या दृष्टीने निसर्गाचे अगदी अचूक निरीक्षण आहे.

वाळवी ही मुंगीची बहीण नाही, हेही इथेच सांगून टाकायला हवे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या एका कुळातल्या आहेत, तर वाळवी झुरळांच्या वंशवृक्षावरची एक फांदी आहे. एकत्र राहण्याची, कामे वाटून घेण्याची आणि प्रजननाचा हक्क मोजक्याच व्यक्तींकडे सोपवण्याची ही रीत या दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे उगम पावली. अशा रीतीने राहणाऱ्या कीटकांना सामाजिक कीटक म्हणतात. त्यांच्यावरच्या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न एकच आहे: इतकी शिस्त असलेल्या या वस्तीत हुकूम कोण देते?

गेल्या वर्षी सुगीनंतर एका ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावर गवत काढताना खुरप्याचा फटका बसून वारुळाचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला. आम्ही तिथेच उकिडवे बसून पाहत राहिलो. उघड्या पडलेल्या बोगद्यांच्या तोंडाशी आधी तपकिरी डोक्याचे, कातरीसारखे जबडे उघडलेले सैनिक आले आणि कडेला उभे राहिले. त्यांच्यामागून फिकट, जवळजवळ पारदर्शक पोटाच्या कामकरी वाळव्या आल्या. प्रत्येकीच्या तोंडात लाळेने मळलेली, खसखशीएवढी मातीची गोळी होती. ती फुटलेल्या काठावर टेकवायची, डोके हलवून दाबायची आणि मागे वळून आत जायचे, की तिच्या जागी दुसरी हजर. एखादीची गोळी खाली पडत होती, एखादी दुसरीने लावलेली गोळी उचलून भलतीकडे लावत होती. पण काठ हळूहळू आत सरकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा त्या जागी ओलसर, गडद रंगाचा लेप होता आणि बाहेर एकही वाळवी नव्हती. शेतकरीमामा म्हणाले, “आत राणी हाय. ती सांगतीया आन् ह्या राबत्यात.”

त्यांचे हे मत पूर्वीच्या अनेक अभ्यासकांचेही होते. वाळवीच्या राणीकडे प्रत्यक्ष पाहिले, की मात्र ते टिकत नाही. वारुळाच्या गाभ्यात, जाड मातीच्या एका बंदिस्त खोलीत ती आपल्या राजाबरोबर राहते. तिचे पोट अंड्यांनी इतके फुगलेले असते, की तिला जागचे हलता येत नाही. दिवसाला हजारो अंडी घालायची आणि कामकऱ्यांनी भरवलेले खायचे, एवढेच तिचे जीवन. वारुळाच्या बाहेरच्या भिंतीला कुठे भगदाड पडले हे तिला दिसत नाही, कारण ती खोलीच्या बाहेर कधीच येत नाही. तिच्या शरीरातून स्रवणाऱ्या रसायनांचा वस्तीवर मोठा प्रभाव असतो. पण रसायनाने वस्तीची स्थिती कळते, ‘डावीकडे तीन गोळ्या लावा’ अशी आज्ञा देता येत नाही.

मग काठ बुजतो कसा? फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये वाळवीच्याच निरीक्षणांवरून याचे उत्तर मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कामकरी एकमेकींना काही सांगत नाहीत. झालेले कामच पुढच्या कामाची खूण होते. एका वाळवीने ठेवलेली गोळी दुसरीला तिथेच गोळी ठेवायला उद्युक्त करते, दोनांच्या जागी चार होतात, ढिगाचा खांब होतो आणि खांब वाकून कमान होते. अलीकडच्या प्रयोगांत संशोधकांनी या खुणांचा अधिक बारकाईने शोध घेतला असून मातीच्या पृष्ठभागाचा बाक हीदेखील बांधकामाची जागा ठरवणारी एक खूण असल्याचे दिसले आहे. गोळीतल्या लाळेचा वास, ओलावा आणि बाक यांपैकी कशाचे वजन किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. ग्रासे यांची मूळ कल्पना मात्र टिकून आहे: नकाशा कोणाच्याही डोक्यात नसतो, तो तयार होत असलेल्या भिंतीत असतो.

सोलापूरकरांना हा फरक समजायला यंत्रमागाचे उदाहरण जवळचे पडेल. आपल्या चादरीवर मोर उमटतो, कारण मागावर नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या पत्त्यांवर त्याची छिद्रे आधीच पाडलेली असतात. ताण्याचा कुठला धागा केव्हा उचलायचा हे माग सुरू होण्यापूर्वी ठरलेले असते, आणि कारखान्यात पाळीवर लक्ष ठेवायला मुकादमही असतो. वारुळात पत्ते नाहीत आणि मुकादमही नाही. आतापर्यंत विणल्या गेलेल्या कापडाकडे पाहून प्रत्येक धाग्याने आपली जागा स्वतः शोधावी आणि तरीही नक्षी उमटावी, असा तो प्रकार आहे.

उमटणारी नक्षीही साधी नसते. आपल्याकडे सर्रास आढळणारी उंच वारुळे ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीची असतात. त्यांच्या भोवतीने मंदिराच्या शिखराला असतात तशा उभ्या, पातळ कंगोऱ्यांच्या भिंती असतात. बाहेरून पाहिले तर एकही खिडकी नाही. आत लाखो जीव श्वास घेत असतात, शिवाय त्यांनी जोपासलेली बुरशीही श्वास घेते. मग हवा खेळते कुठून? हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी याच जातीच्या भारतातल्या वारुळांमध्ये लहानसे संवेदक बसवून हवेचा वेग मोजला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा उन्हाने बाहेरचे पातळ कंगोरे लवकर तापतात आणि मधला गाभा तुलनेने थंड राहतो, त्यामुळे हवा कंगोऱ्यांमधून वर चढते आणि गाभ्यातून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि हे चक्र उलटे फिरते. भिंतीची माती सच्छिद्र असल्याने फिरणारी हवा तिच्यातून बाहेरच्या हवेशी देवाणघेवाण करते. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री उतरतो. ज्या दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने आपण मार्च-एप्रिलमध्ये हैराण होतो, त्याच फरकावर ही श्वसनव्यवस्था चालते.

बुरशीचा उल्लेख आला आहे, तर तेही सांगतो. या वाळवीला स्वतःला लाकूड आणि काड्या नीट पचवता येत नाहीत. वाळके गवत, पाचोळा, शेणातले तंतू चावून ती वारुळाच्या आत स्पंजासारखे मळे तयार करते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. बुरशीने मऊ केलेले अन्न मग वस्ती खाते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात त्या याच बुरशीच्या. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षे जुनी आहे. माणसाची शेती १० ते १२ हजार वर्षांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बांधाच्या अलीकडचा शेतकरी आणि पलीकडचा शेतकरी यांच्यातले वडीलधारे कोण, हे उमगते.

राणी हुकूम देत नाही हे वाळवीच्या बाबतीत तर्काने पटते; पण ते प्रयोगाने, एकेका प्राण्यावर खूण करून, वर्षानुवर्षे तपासायचे असेल तर वारूळ उपयोगाचे नाही, कारण ते उघडले की मोडते. त्यासाठी हवा उघडा संसार. तो आपल्या घराच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात असतो: एका देठाने लटकलेले, करड्या कागदाचे, उघड्या कप्प्यांचे गांधीलमाशीचे घरटे. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार दशकांहून अधिक काळ जे काम केले आहे, ते या विषयातले जगातले एक अग्रगण्य काम आहे, आणि मराठी वाचकांना त्याची पुरेशी ओळख नाही याची मला खंत वाटते.

या कामाची साधने पाहिली तर थक्क व्हायला होते. रंगाची छोटी बाटली, काडी, वही आणि घड्याळ. प्रत्येक माशीच्या पाठीवर निरनिराळ्या रंगांचे ठिपके देऊन तिला ओळख द्यायची आणि मग तासन्‌तास नोंद करत राहायचे: ही बसली आहे, ही दुसरीला चावते आहे, ही बाहेर गेली, ही अळीला भरवते आहे. या नोंदींच्या आधारे गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की वरकरणी सारख्या दिसणाऱ्या या माश्यांचे वर्तनावरून तीन गट पडतात: बैठ्या, भांडखोर आणि अन्न आणणाऱ्या. राणी भांडखोरांत सापडेल अशी अपेक्षा होती, कारण इतर अनेक जातींत राणी सर्वांना टोचून, दामटून आपले स्थान राखते. रोपॅलिडिया सायाथिफॉर्मिस या जवळच्या जातीत तसे आढळतेही. मार्जिनाटाची राणी मात्र बैठ्यांमध्ये निघाली. ती कोणावर धावून जात नाही, कोणाला कामाला लावत नाही. शांतपणे बसते आणि अंडी घालते.

राणीला घरट्यावरून काढून घेतले तर अन्न आणण्याचे काम थांबते का, हेही त्यांनी तपासले. थांबत नाही, कामकरी आपले काम आपणच चालवतात. घरट्यावर जी टोचाटोची दिसते, तिचा मार बहुतांशी अन्न आणणाऱ्या माश्यांना बसतो, आणि वस्तीतली भूक त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा हा मार्ग असावा, असा अर्थ या गटाने लावला आहे. घरात डबा रिकामा झाला, की कोणीतरी बाजारात जाणाऱ्याला आठवण करतेच. तिथे ती आठवण जरा दणकून होते, एवढेच.

राणी गेली, की अंडी कोणी घालायची हा प्रश्न मात्र लगेच उभा राहतो, आणि इथून पुढचा भाग मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. राणीला उचलल्यावर सुमारे अर्ध्या तासात एक कामकरी माशी एकाएकी अत्यंत आक्रमक होते. बाकीच्या तिला प्रतिकार करत नाहीत. राणी परत ठेवली तर ती पुन्हा निमूटपणे कामाला लागते. ठेवली नाही तर तिचा आक्रमकपणा ओसरत जातो, आणि साधारण आठवडाभरात ती अंडी घालू लागते व पुढे आधीच्या राणीसारखीच शांत होते. अडचण अशी, की राणी असेपर्यंत ही वारसदार कोण हे संशोधकांना कितीही नोंदी तपासून आधी ओळखता येत नव्हते. ती सर्वांत मोठी नसते, सर्वांत भांडखोर नसते. मग प्रश्न पडला: आपल्याला कळत नाही, पण माश्यांना तरी कळते का?

अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी याचे उत्तर एका जाळीने मिळवले. घरटे मधोमध कापून त्यांनी दोन भागांच्या मध्ये तारेची जाळी लावली. राणी एका बाजूला राहिली. दुसऱ्या, राणी नसलेल्या बाजूला लवकरच एक माशी आक्रमक होऊन पुढे आली. मग राणीला त्या दुसऱ्या बाजूला हलवले. काही घरट्यांत असे झाले, की पुढे आलेली माशी राणीने सोडलेल्या बाजूला नेल्यावरही आपले स्थान टिकवून राहिली, म्हणजे तीच खरी वारस होती. इतर घरट्यांत मात्र राणीने सोडलेल्या बाजूला दुसरीच माशी पुढे आली, आणि पहिलीला तिच्यासमोर ठेवताच पहिलीने माघार घेतली. महत्त्वाचे हे, की खऱ्या वारसदाराला यातल्या कोणत्याही टप्प्यावर कोणीही एकदासुद्धा टोचले नाही. जागेसाठी झुंज झाली असती, तर कोणीतरी तिची परीक्षा घेतली असती. ती झाली नाही, याचा अर्थ वारस कोण हे सर्व माश्यांना आधीपासून ठाऊक होते. पुढे आलोक बंग आणि गदगकर यांनी २०१२ मध्ये एकामागून एक राण्या काढून दाखवले, की वारसांची रांग किमान पाच जणींपर्यंत लांब असते आणि प्रत्येक जण आपला क्रमांक आल्यावरच पुढे येते. या रांगेत वयाला मोठे महत्त्व दिसते, पण केवळ वयावरून क्रमांक नेमका सांगता येत नाही. राणी जिवंत आहे हे वस्तीला कळते तेही धाकाने नाही. तिच्या पोटाच्या टोकाजवळच्या एका ग्रंथीतला स्राव ती घरट्याच्या पृष्ठभागावर घासत फिरते, आणि तो विरू लागला की राणी नाही हे समजते.

पण दुसरीची पिल्ले वाढवण्यात कामकरीचा फायदा काय? ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये नात्याच्या गणिताने याचे उत्तर दिले. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात नर फलन न झालेल्या अंड्यांतून होतात, त्यामुळे एकाच आईबापाच्या बहिणींमध्ये समान आनुवंशिक वाटा पाऊण असतो, तर आई आणि मुलीमध्ये तो निम्माच असतो. म्हणून स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणे फायद्याचे ठरू शकते. हे गणित देखणे आहे, पण मार्जिनाटाच्या घरट्यात ते पुरते लागू पडत नाही. राणी एकाहून अधिक नरांशी मीलन करते आणि राण्या बदलत राहतात, त्यामुळे घरट्यावरच्या माश्या पाऊण नात्याच्या उरत नाहीत. वाळवीत तर हे पाऊण नाते मुळातच नाही. म्हणून गदगकरांनी आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात आणि कामकरी माशीचे सरासरी आयुष्य त्याहून कमी असते. एकटीने घरटे मांडले आणि ती मध्येच मेली, तर तिचे सगळे कष्ट वाया जातात; वस्तीत मात्र तिने अर्धवट वाढवलेली अळी दुसरी कोणीतरी पूर्ण वाढवते. कष्टाचे चीज होण्याची ही खात्री नात्याइतकीच वजनदार असू शकते. दुष्काळी मुलखात एकट्याने पेरणी करण्याऐवजी सावड करणाऱ्यांना हे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मुंग्यांविषयी एवढेच सांगतो, कारण ते आपल्या हवामानाशी थेट जुळते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन १९८५ पासून बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या त्याच त्या वस्त्यांचा मागोवा घेत आहेत. तिथेही कोणी ‘निघा’ म्हणत नाही. दारातली मुंगी, बी घेऊन परतणाऱ्या किती मुंग्यांच्या मिशांचा स्पर्श किती थोड्या वेळात झाला, त्यावरून बाहेर पडायचे की नाही ते ठरवते. बाहेर बिया मुबलक असतील तर मुंग्या लवकर परततात, भेटी वाढतात आणि आणखी मुंग्या निघतात. उन्हात फिरणाऱ्या मुंगीच्या शरीरातले पाणी उडते आणि वस्तीला पाणी मिळते ते मुख्यतः बियांतूनच. गॉर्डन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, ज्या वस्त्या अतिकोरड्या दिवसांत बाहेर जाणे कमी करतात, त्यांच्याच लेकी-वस्त्या अधिक होतात. आपल्याकडे ज्वारीच्या खळ्याच्या कडेला, बिळाच्या तोंडाभोवती तुसाची गोल कड दिसते, तिथे दुपारच्या वेळी दहा मिनिटे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या मोजल्या, तर अशी ये-जा कमी-जास्त होताना कोणालाही पाहता येईल.

राहता राहिला शेतकरीमामांचा दुसरा प्रश्न, आणि तो त्यांच्या दृष्टीने पहिला होता: हे वारूळ ठेवायचे की फोडायचे? वाळवी पिकाला लागते, घराच्या चौकटी खाते, हे खरे आहे. पण वाळवीच्या बहुतेक जाती मेलेले गवत, पाचोळा आणि शेणच खातात, आणि वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे काम फार मोलाचे आहे. ओल नसेल तेव्हा उघड्यावरचे जिवाणू आणि बुरशी जवळजवळ थांबतात. वाळवी मात्र काडीकचरा जमिनीखाली ओलीत नेऊन कुजवते. तिच्या आणि मुंग्यांच्या बोगद्यांतून पावसाचे पाणी खाली मुरते. ऑस्ट्रेलियातल्या एका कोरड्या भागात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुंग्या व वाळवी असलेल्या गव्हाच्या वाफ्यांत, त्या नसलेल्या वाफ्यांपेक्षा ३६ टक्के अधिक उत्पादन निघाले. पाणी अधिक मुरणे आणि मातीतले नत्र वाढणे ही त्याची कारणे होती. तिथली माती वेगळी, पीक वेगळे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या शाळू ज्वारीला लावता येणार नाही. तरी बांधावरचे, पिकापासून दूर असलेले वारूळ केवळ दिसते म्हणून फोडण्याचे काही कारण नाही, असे मी त्यांना सांगितले.

त्यांनी ते ठेवले. मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी त्यांचा फोन आला, की वारुळाच्या अंगाला बारीक चिरा पडल्या आहेत आणि त्यांतून पंखवाल्या वाळव्यांचा धूर निघाल्यासारखा दिसतो आहे. त्या उद्याच्या राण्या आणि राजे होते. त्यांतल्या बहुतेकांना कावळे, पाली आणि बेडूक खातात. उरलेल्या जमिनीवर उतरून पंख झटकून टाकतात आणि मादीच्या मागे नर अशा जोडीने ओली जागा शोधत चालू लागतात. रात्री त्यांच्या पडवीतल्या दिव्याखाली पंखांचा खच पडला होता. सकाळी मी पोहोचेपर्यंत वारुळावरच्या त्या चिरा मातीच्या ताज्या गोळ्यांनी बुजवल्या गेल्या होत्या.